फक्त प्रिव्ह्यूचा फोटो हातात असताना वेबसाइटचं डिझाइन हुबेहूब कसं उभं करायचं

सांगली-साताऱ्याकडं वेबसाइटची कामं घेणाऱ्यांच्या हातात फिग्माची (डिझाइन करायच्या ॲपची) फाइल क्वचितच पडते. मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या असो, वाईचा हॉटेलवाला असो की कराडचा क्लासवाला, व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'दादा, सेम असंच पाहिजे.' तो फोटो कधी विकत मिळणाऱ्या टेम्प्लेटचा प्रिव्ह्यू असतो, कधी बंद पडलेल्या जुन्या साइटचा स्क्रीनशॉट, तर कधी फ्लेक्स करणाऱ्या आर्टिस्टनं फोटोशॉपमध्ये रचलेलं पान. पुढं उदाहरणासाठी हळदीच्या अडत्याचं पान धरलंय: वर मेनू, त्याखाली मोठा फोटो आणि मथळा, मग राजापुरी हळद, बेदाणा आणि गूळ अशी तीन कार्डं, शेवटी संपर्क.

पट्टी लावायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कुठलंही बरं डिझाइन मोजक्या आकड्यांवर उभं असतं: एक रुंदी, दोन-तीन अंतरं, चार-पाच अक्षरमापं, पाच-सहा रंग. फोटोत दिसणारी बाकी सगळी मापं त्यातूनच निघतात. तुम्हाला ते मूळ आकडे हुडकायचेत. एकाच ठिकाणी मोजून मिळालेला आकडा नुसता संशय समजा. तोच आकडा आणखी तीन ठिकाणी जुळला, तर तो नियम.

आधी फोटो धड मिळवा

व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीनं पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते. फेसबुकच्या पोस्टला हे चालून जातं, पण अख्ख्या पानाच्या उभ्या स्क्रीनशॉटची त्यात वाट लागते. १४४० रुंद आणि ५४०० उंच असलेलं पान १६०० उंचीत बसवलं की रुंदी उरते फक्त ४२७ पिक्सेल. म्हणजे फोटोतला एक पिक्सेल प्रत्यक्षात जवळजवळ ३.४ पिक्सेलांचा. मोजताना एका पिक्सेलची चूक झाली तरी पानावर साडेतीनाची होते. अशा फोटोवरून ८ आणि १६ मधला फरक कळतो, ८ आणि १० मधला कळत नाही.

म्हणून पहिला निरोप हाच: 'फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.' अटॅचमेंटच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवडलं की फाइल जशीच्या तशी येते. ग्राहकाकडंच ती फॉरवर्ड होऊन आली असेल, तर मूळ कुणाकडं आहे ते विचारा. पान अजून इंटरनेटवर असेल तर लिंक मागा. फोटोच्या कोपऱ्यात टेम्प्लेटचं नाव किंवा वॉटरमार्क दिसतोय का तेही बघा. विकत मिळणारं टेम्प्लेट असेल तर ते विकत घेणं बहुतेक वेळा तुमच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतं, आणि हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. दुसऱ्याच्या धंद्याच्या साइटचा फोटो आला असेल तर मांडणीची कल्पना घेता येते, पण त्यांचा लोगो, त्यांचे फोटो आणि त्यांचा मजकूर उचलता येत नाही. हे सगळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली येतं.

फोटो धूसर असला तरी एआयनं मोठा करून देणाऱ्या साधनांकडं जाऊ नका. ती साधनं नसलेला तपशील रचून घालतात, अक्षरांचे आकार बदलतात आणि तुम्ही त्या रचलेल्या कडा मोजत बसता. मोजण्यासाठी फोटोपी किंवा जिंपसारख्या फोटो-एडिटरमध्ये तोच फोटो ८०० टक्के झूम करा. चौकोनी पिक्सेल उघडे दिसले पाहिजेत.

मोजपट्टी ठरवणं

इथं चुकलात तर पुढचं सगळं चुकतं. फाइलची रुंदी बघा. १४४०, १९२०, १३६६ किंवा १२८० असेल तर तो डेस्कटॉपचा एकास एक फोटो असण्याची शक्यता दाट आहे. २८८० म्हणजे दुप्पट घनतेच्या पडद्यावरचं १४४०. मोबाइलच्या फोटोत १०८० म्हणजे तिप्पट घनतेचं ३६०, ११७० म्हणजे तिप्पट ३९०, ७५० म्हणजे दुप्पट ३७५. १३४९ सारखी विचित्र रुंदी दिसली तर गोंधळू नका, ती १३६६ मधून विंडोजचा १७ पिक्सेलांचा स्क्रोलबार वजा होऊन आलेली असते.

सगळ्यात जास्त फसवतो तो १९२० चा फोटो. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपांचा पडदा १९२० बाय १०८० असतो, पण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर असतं. ब्राउझरला तिथं प्रत्यक्षात १५३६ पिक्सेलच रुंदी मिळते. समजा आपल्या हळदीच्या पानाचा असा फोटो आलाय. मोजल्यावर एका कार्डाची रुंदी ५२० भरते, दोन कार्डांमधली फट ३०, मजकुराची अक्षरं २०. आकडे गोल आहेत, त्यामुळं विश्वास बसतो. आता बटण मोजा. उंची ४७ की ४८ हे ठरत नाही, कारण खालची कड अर्धवट रंगाची, पुसट आहे. हा पुरावा आहे. एकास एक फोटोत सरळ कडा धारदार असतात. अर्ध्या पिक्सेलवर पडलेली कड म्हणजे मधे स्केलिंग झालंय. सगळ्याला १.२५ नं भागा: ५२० चे ४१६, ३० चे २४, २० चे १६, ४७.५ चे ३८. हे चारही आकडे बूटस्ट्रॅप या वेबसाइट उभारायच्या तयार चौकटीच्या (फ्रेमवर्कच्या) पाचव्या आवृत्तीचे आहेत. १३२० चा कंटेनर (पानाचा मजकूर धरणारी मुख्य पेटी), त्याचे तीन भाग ४४० चे, प्रत्येकातून २४ ची फट वजा जाता ४१६. साध्या बटणाची उंची ३८ आणि मजकूर १६. चार वेगळ्या ठिकाणची मापं एकाच चौकटीत बसली, की मोजपट्टी बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

चौकट ओळखता येणं फार उपयोगाचं आहे, म्हणून काही खुणा ध्यानात ठेवा. १४४० च्या फोटोत लोगो डावीकडून ७२ वर सुरू होत असेल तर बूटस्ट्रॅप ५: बाजूला ६० मोकळे आणि आत १२ चं पॅडिंग (पेटीच्या कडेपासून मजकुरापर्यंतची मोकळी जागा). १६५ वर सुरू होत असेल तर बूटस्ट्रॅप ४: कंटेनर ११४०, बाजूला १५०, पॅडिंग १५. टेलविंड या दुसऱ्या चौकटीत १२८० ची रुंदी सारखी भेटते. रंगांचाही असाच माग लागतो. मजकूर ३३, ३७, ४१ (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे) या करड्या रंगाचा असेल तर बूटस्ट्रॅप, चौथी किंवा पाचवी आवृत्ती. निळं बटण १३, ११०, २५३ चं असेल तर पाचवी. निळा ०, १२३, २५५ असेल तर चौथी आवृत्ती. ३७, ९९, २३५ दिसला तर टेलविंडचा निळा. चौकट ओळखली की अर्धे आकडे मोजावे न लागता मिळतात.

फोटो दाबून आलेला असेल आणि मूळ रुंदी माहीतच नसेल, तर उलटं जा. मजकुराची एखादी लांब ओळ घ्या, तिची अक्षरं १६ ची असावीत असं धरून प्रमाण काढा आणि त्या प्रमाणात पानाची रुंदी किती येते ते बघा. १४३० किंवा १४५० आली तर १४४० धरा. १३०० च्या आसपास घोटाळली तर मजकूर १५ चा, १७ चा किंवा १८ चा धरून परत बघा.

अंतरं

मोजलेलं अंतर लगेच कोडमध्ये टाकू नका, आधी यादी करा. पानावरची पंधरा-वीस अंतरं लिहून काढली की ती ८, १६, २४, ३२, ४८, ६४, ८०, ९६ अशा पायऱ्यांवर जमा होताना दिसतात. ४७ आणि ४९ हे दोन्ही ४८ असतात. एखादं अंतर मात्र ५८-५९ वर अडून बसतं आणि कुठल्याच पायरीला जुळत नाही. तिथं बहुतेक अक्षरांच्या ओळीची उंची लपलेली असते.

हे नीट समजून घ्या, कारण 'सगळं मोजून केलं तरी पान लांब झालं' या तक्रारीचं मूळ इथंच आहे. ४० च्या मथळ्याला लाइन-हाइट (ओळीची उंची) ४८ असेल तर ब्राउझर ४८ उंचीची अदृश्य पेटी करतो आणि अक्षरं तिच्या मधोमध बसवतो. इंग्रजी मोठ्या अक्षराची उंची साधारण फाँटमापाच्या ७० टक्के, म्हणजे २८. उरलेले २० वर-खाली साधारण दहा-दहा वाटले जातात. त्यामुळं फोटोत कार्डाच्या कडेपासून अक्षराच्या डोक्यापर्यंत ३४ दिसले तर पॅडिंग असतं २४. तुम्ही ३४ लिहिलेत तर ब्राउझर त्यात स्वतःचे १० मिळवणार आणि ४४ दिसणार. प्रत्येक मथळ्याला दहा-दहा वाढत गेले की तळाशी पोचेपर्यंत शंभरेक पिक्सेलांचा घोळ होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अक्षरांचं माप आणि ओळीची उंची, त्यानंतरच आजूबाजूचं अंतर.

अक्षरं

ओळीची उंची काढणं सोपं आहे. एका ओळीच्या तळरेषेपासून पुढच्या ओळीच्या तळरेषेपर्यंत मोजा. परिच्छेद पाच ओळींचा असेल तर पहिलीपासून पाचवीपर्यंत मोजून चारानं भागा, चूक चौपट कमी होते.

फाँट ओळखताना सगळी अक्षरं बघायची गरज नाही. लहान 'ए' आणि लहान 'जी' एकमजली आहेत की दुमजली, मोठ्या 'क्यू' ची शेपटी, मोठ्या 'आर' चा पाय आणि आकडा १ एवढ्यावर बरंच कळतं. फाँट ओळखणाऱ्या व्हॉटदफाँटला फोटोचा तुकडा दिला तर ते जवळची नावं सुचवतं. त्यातली दोन-तीन गूगल फाँट्सवर तोच मजकूर टाकून शेजारी ठेवून बघा.

मापासाठी दोन वाटा आहेत. पहिली उंचीची: मोठ्या अक्षराची उंची मोजा आणि त्या फाँटच्या प्रमाणानं भागा. रोबोटोचं प्रमाण ०.७११, ओपन सॅन्सचं ०.७१४, इंटरचं ०.७२७. रोबोटोचं मोठं अक्षर २३ उंच भरलं तर माप ३२. पण उंचीत एका पिक्सेलची चूकही महागात पडते, म्हणून दुसरी वाट जास्त भरवशाची. फोटोतली सगळ्यात लांब ओळ निवडा. तोच मजकूर त्याच फाँटमध्ये, त्याच जाडीत, १०० पिक्सेल मापावर ब्राउझरमध्ये लिहा आणि रुंदी मोजा. ब्राउझरमध्ये १२९० आली आणि फोटोत ५१६ आहे, तर माप ४०. ओळ लांब असल्यानं दोन-तीन पिक्सेलांची चूक उत्तरात जाणवतसुद्धा नाही.

दोन्ही वाटांची उत्तरं जुळली नाहीत तर ते उपयोगाचंच आहे. उंचीनं ४० येतंय आणि रुंदीनं ४२, तर जाडी चुकलीय किंवा लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं आहे. जाडी जुळवल्यावरही ओळ १२ पिक्सेल लांब राहिली आणि ओळीत २४ अक्षरं असली, तर दर अक्षरामागं अर्धा पिक्सेल. जाडी ठरवताना फोटो मॅकवरचा आहे का तेही बघा. मॅकवर तीच ४०० ची जाडी विंडोजपेक्षा भरीव दिसते. फसून ५०० लावलीत तर विंडोजवर मजकूर जडशीळ वाटेल.

मजकुराच्या चौकटीची रुंदी दिसत नसते, पण ती ओळी कुठं तुटल्यात त्यावरून निघते. पहिल्या ओळीत 'शेतातून थेट तुमच्या' एवढं बसलंय आणि 'दुकानापर्यंत' खाली गेलंय, तर चौकट पहिल्या ओळीपेक्षा रुंद आहे आणि पहिली ओळ अधिक जागा अधिक पुढचा शब्द यांच्या बेरजेपेक्षा अरुंद. प्रत्येक तुटलेली ओळ अशी एक खालची आणि एक वरची मर्यादा देते. तीन-चार ओळींच्या मर्यादा एकत्र केल्या की उरलेल्या पट्ट्यात एखादाच गोल आकडा सापडतो, ५६० किंवा ६००. तोच मॅक्स-विड्थ. ओळी फोटोसारख्या तोडायला मधे ब्रेकचा टॅग घालू नका, मोबाइलवर तो भलत्याच जागी तुटतो.

मराठी मजकूर असेल तर

इंग्रजीसाठी लिहिलेल्या बहुतेक मार्गदर्शनात हा भाग नसतो, आणि आपल्याकडची निम्मी कामं इथंच बिघडतात.

देवनागरीला लेटर-स्पेसिंग देऊ नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे सुटे दिसायला लागतात. इंग्रजी डिझाइनमध्ये बटणांवर आणि मेनूत अंतर दिलेलं असतं. मराठी मजकूर घालताना ते शून्य करा आणि तेवढा भारदस्तपणा जाडीतून आणा.

इंटर किंवा रोबोटोमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. ब्राउझर मग यंत्रात असेल तो फाँट उचलतो: विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी. ग्राहकाच्या फोटोत मराठी अक्षरं अशी आपोआप आलेली असतील तर ती डिझाइनचा भाग नाहीत. मुक्ता, हिंद, बलू, पॉपिन्स किंवा नोटो यातला फाँट नेमून द्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखं दिसेल. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग गुणधर्मात मराठीचा कोड घातला की ज्या फाँटांमध्ये सोय आहे तिथं 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. तो कोड हिंदीचा राहिला तर हिंदी वळण दिसतं.

फाँट पक्का करण्याआधी त्यात 'शेतकऱ्यांसाठी', 'कऱ्हाड', 'दुष्काळ', 'मार्केट' हे शब्द लिहून बघा. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मधला अर्धा र नीट येत नसेल तर तो फाँट मराठीच्या कामाचा नाही, मग रोमन अक्षरं कितीही हुबेहूब जुळोत. गूगल लेन्सनं फोटोतला मजकूर उचलता येतो, पण हाच ऱ्य आणि अनुस्वार तिथं हमखास चुकतात. उचललेला मजकूर मूळ फोटोशेजारी ठेवून शब्द न् शब्द वाचा.

फ्लेक्सच्या आर्टिस्टनं केलेल्या डिझाइनमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला फाँट असण्याची शक्यता मोठी. तो वेबवर तसाच वापरता येत नाही. त्याच्या वळणाचा जवळचा युनिकोड फाँट निवडा आणि ग्राहकाला मथळ्याचा नमुना आधीच दाखवा. फोटोशॉपची भारतीय लिप्यांची सोय चालू नसताना टाइप केलेला मजकूर असेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली दिसतात. हुबेहूब म्हणजे ती चूकही उतरवायची असं नाही.

देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार असल्यानं ओळीला जागा जास्त लागते. इंग्रजीला १.५ ची लाइन-हाइट असेल तर मराठीला १.६५ ते १.७५ द्यावी. मोठ्या मथळ्याला इंग्रजीत १.१ चालते. मराठीत तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, १.३ च्या खाली जाऊ नका. मापासाठी वरची रुंदीची वाटच धरा, मोठ्या अक्षराच्या उंचीचा हिशोब देवनागरीला लागू होत नाही.

रंग

जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत दाबतं, आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती चार पिक्सेलांना मिळून एकच ठेवतं. त्यामुळं कडेजवळचा आणि बारीक अक्षरांचा रंग कधीच खरा नसतो. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, कडेपासून निदान १६ पिक्सेल आत जाऊन, आयड्रॉपर (रंग उचलायचं साधन) ५ बाय ५ किंवा ११ बाय ११ च्या सरासरीवर ठेवून रंग उचला. तोच रंग पानावर तीन ठिकाणी तपासा. २४३, १७९, २ आणि २४४, १८१, ० असे दोन आले तर ते दोन रंग नाहीत, एकच आहे. मजकुराचा रंग हवा असेल तर सगळ्यात मोठ्या मथळ्यातल्या सगळ्यात जाड रेघेच्या मध्यावर मोजा. फोटो मॅकवरचा असेल तर त्याला डिस्प्ले पी३ या जास्त रुंद रंगपद्धतीचं प्रोफाइल चिकटलेलं असू शकतं. आधी वेबच्या नेहमीच्या एसआरजीबी रंगपद्धतीत रूपांतर करा, नाहीतर हळदीचा पिवळा कोडमध्ये मळकट येईल.

फोटोवर काळसर पडदा टाकलेला असतो, त्याची पारदर्शकता हिशोबानं निघते. पडद्याखाली जिथं पांढरंशुभ्र असणार अशी जागा शोधा, उदाहरणार्थ गोणीवरचा पांढरा पट्टा. तिथं २५५ ऐवजी १५३ दिसत असेल तर २५५ चे ६० टक्के उरलेत, म्हणजे काळा पडदा ०.४ चा. ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन ठिकाणी मोजा. मध्य बाकी दोघांच्या सरासरीइतका आला नाही तर मधे तिसरा रंग आहे.

हळदीच्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं हे आपल्याकडं वारंवार दिसतं. २४४, १८०, ० या पिवळ्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडाचं प्रमाण) दोनाच्याही खाली जातो, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. उन्हात यार्डात उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला ते बटण वाचताच येणार नाही. फोटोप्रमाणं करून द्या, पण शेजारी गडद तपकिरी अक्षरांचा नमुनाही द्या आणि कारण सांगा.

सावल्या, कोपरे, फोटो

सावली डोळ्यांना पुरती दिसत नाही. फोटो-एडिटरच्या लेव्हल्समध्ये कॉन्ट्रास्ट खूप ताणा, मग तिची हद्द उघडी पडते. कार्डाच्या वर ती किती पसरलीय आणि खाली किती, ते मोजा. वर १६ आणि खाली ३२ असेल तर दोन्हींची सरासरी २४ हा ब्लर (सावलीचा धूसर पसारा), आणि फरकाचा निम्मा ८ ही खाली सरकवलेली सावली. शेपटाकडं सावली अगदी फिकी असते, म्हणून मोजमाप थोडं कमीच भरतं. २२ आलं तर २४ धरा. कोपऱ्याच्या गोलाईसाठी सरळ कड जिथं वळायला लागते तिथपासून टोकापर्यंत मोजा. कार्डाच्या आत फोटो असेल तर आतली गोलाई म्हणजे बाहेरची वजा पॅडिंग: १६ ची गोलाई आणि ८ चं पॅडिंग असेल तर आत ८.

प्रिव्ह्यूतून फोटो कापून वापरू नका. अडत्याकडून त्याच्या मालाचे मूळ फोटो घ्या आणि ते येईपर्यंत त्याच प्रमाणाची करडी चौकट ठेवा. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ऑब्जेक्ट-फिट कव्हरवर ठेवून फोटोचा कुठला भाग दिसायला हवा ते ऑब्जेक्ट-पोझिशननं जुळवा. आयकॉन एखाद्या संचातलेच असतात. २४ च्या चौकटीत २ जाडीची, गोल टोकांची रेघ दिसली तर फेदर हा संच बघा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं डिझाइनमध्ये त्याचं चिन्ह हमखास असतं. ते लावण्याआधी ग्राहक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का ते विचारा.

उभारणी आणि पडताळा

सापडलेले सगळे आकडे आधी सीएसएसच्या व्हेरिएबलमध्ये एका जागी लिहा: रंग, अंतरं, अक्षरमापं, गोलाई. मग रंग न भरता नुसता सांगाडा, त्यानंतर अक्षरं, शेवटी रंग आणि फोटो. सांगाडा जुळायच्या आत रंग भरले की डोळा फसतो आणि १२ पिक्सेलांची चूक नजरेतून सुटते.

पडताळ्यासाठी क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीच्या साधनांत) पानाची रुंदी फोटोएवढी करा, उदाहरणार्थ १४४०, आणि डिव्हाइस पिक्सेल रेशो १ ठेवा. झूम १०० टक्केच हवा. मूळ फोटो पानाच्या सगळ्यात वर ॲब्सोल्यूट ठेवा, वर-डावीकडून शून्य, रुंदी १४४०, पॉइंटर-इव्हेंट्स बंद, आणि मिक्स-ब्लेंड-मोड डिफरन्स. जे जुळलं ते काळं होतं, जे चुकलं ते चमकतं. फोटो जेपेग असेल तर अक्षरांभोवती करडी राख उरते, ती चूक नव्हे. हे हातानं करायचं नसेल तर परफेक्टपिक्सेल हे एक्स्टेंशन हेच काम करतं.

एकदम अख्खं पान जुळवायला जाऊ नका. वरच्या भागात ६ पिक्सेल चुकले की खालचं सगळं ६ नं सरकलेलं दिसतं आणि बरोबर असलेली कार्डंही चुकीची वाटतात. हेडर जुळवा, मग खालच्या प्रत्येक भागासाठी फोटो वर-खाली सरकवून तो भाग स्वतंत्र तपासा. चमकणाऱ्या रेघांची जाडी बारकाईनं बघा. दोन्ही बाजूंना सारखी असेल तर रुंदी चुकलीय, एकाच बाजूला वाढत जात असेल तर मोजपट्टी चुकलीय, आणि नुसती अक्षरं दुहेरी दिसत असतील तर ओळीची उंची. चौकटींच्या कडा एका पिक्सेलच्या आत यायला हव्यात. अक्षरांत एक-दोन पिक्सेलांचा फरक राहिला तर चालतो, वेगळ्या यंत्रावर अक्षरं तेवढी हलतातच.

फोटोत जे नाही ते

मोबाइलवरचं रूप, मेनू उघडल्यावर काय दिसतं, बटणावर बोट किंवा माउस गेल्यावर रंग बदलतो का, हेडर वर चिकटून राहतो का, मोठा फोटो एकच आहे की स्लायडर, फॉर्ममध्ये नंबर चुकला तर संदेश कुठं येतो, यातलं काहीही एका फोटोत नसतं. फोटोखाली तीन ठिपके दिसले तर स्लायडर आहे, मग बाकीच्या दोन स्लाइड मागा. ही यादी लिहून पाठवा आणि ठरलेल्या दरात काय धरलंय ते त्याच निरोपात लिहा. 'सेम असंच' मध्ये मोबाइलचं पान धरलं होतं की नाही, यावरून पुढं वाद होतात.

मोबाइलची अक्षरमापं अंदाजानं न ठरवता दोन टोकांतून काढा. मथळा १४४० ला ६४ आहे आणि ३६० ला ३२ हवा असेल, तर १०८० पिक्सेलांत ३२ वाढतात, म्हणजे रुंदीच्या २.९६३ टक्के, आणि त्यात २१.३३ पिक्सेल मिळवायचे. सीएसएसच्या क्लॅम्पमध्ये किमान ३२, मधे २१.३३ पिक्सेल अधिक २.९६३ व्हीडब्ल्यू (एक व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याच्या रुंदीचा एक टक्का), कमाल ६४ असं लिहिलं की मधल्या सगळ्या रुंद्यांना मथळा आपोआप बसतो. लिहिताना पिक्सेलांचे आरईएम (ब्राउझरच्या मूळ अक्षरमापावर चालणारं एकक) करा, म्हणजे ज्यानं ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलीत त्याच्याकडंही ती मोठी होतील. तीन कार्डं ७६८ च्या खाली एकाखाली एक घ्या, आणि ३६० रुंदीवर 'बाजारसमितीच्या' सारखा लांब शब्द कार्डाबाहेर पळतोय का ते बघा. पळत असेल तर आधी कार्डाचं पॅडिंग २४ वरून १६ वर आणा, अक्षरं लहान करणं सगळ्यात शेवटी.